जुनं यंत्र, चालू स्थितीत

वकीलसाहेब वकील नव्हते. ते सीए होते. पण रायपुरात हिशेबाचं काम करणाऱ्या कुणालाही पार्ट्या, म्हणजे काम घेऊन येणारी गिऱ्हाइकं, 'वकीलसाहब' म्हणतात, आणि पार्टीची चूक दुरुस्त करणाऱ्याला पार्टी दुसऱ्यांदा भेटत नाही, असं त्यांचं मत होतं. चाळीस वर्षं त्यांनी पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगाचा शर्ट घातला नाही. त्यात साधेपणा नव्हता, आणि तत्त्व तर मुळीच नव्हतं. तो शर्ट त्यांच्या कामाचं हत्यार होता.

त्याचं असं की, रायपूरजवळच्या उरला किंवा सिलतरा या औद्योगिक वसाहतींतला एखादा कारखानदार बँकेकडून कर्ज घ्यायचं म्हणून प्रोजेक्ट रिपोर्ट करून मागायचा. भट्टी तीन पाळ्यांत चालते, माल ठेवायला जागा नाही, असं छातीठोक सांगायचा. वकीलसाहेब नुसतं 'हव', म्हणजे 'हो', म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून थेट कारखान्यात जायचे. तिथे तासभर उभे राहायचे, कँटीनचा चहा प्यायचे, मालकाच्या नातवंडांची चौकशी करायचे आणि एकही कागद न बघता परत यायचे. ऑफिसात आले की आधी आरशासमोर उभे राहून कॉलर बघायची. कॉलर काळी झाली असेल तर भट्टी चालू. नसेल झाली, तर मालकाला फोन करून सांगायचे की रिपोर्ट पुढच्या वर्षी करू.

"मालक खोटं बोलते, मॅनेजर खोटं बोलते, रजिस्टर त खोटं बोलाले शिकूनच छापलेलं असते," ते म्हणायचे. "धूळ काहून खोटं बोलन?"

एकदा सिलतऱ्याच्या एका शेठजींना या शर्टाचं गुपित कुठून तरी कळलं. वकीलसाहेब यायच्या वेळी त्यांनी अंगणात चार माणसं झाडू घेऊन उभी केली. साहेब अंगण ओलांडून जाईपर्यंत त्यांचा मारुती झाला. शेठजी प्रसन्न. साहेबांनी बाही झटकली, बोटावरची धूळ उजेडात धरली आणि म्हणाले, "सेठजी, ये तो आपके गेट की मुरुम है। लाल है। भट्ठी की काली होती है।" मग त्यांनी शांतपणे चहा मागितला. शेठजींनी पुढे वीस वर्षं काम आमच्याकडेच ठेवलं, कारण ज्याला आपण फसवू शकलो नाही त्याच्याइतका भरवशाचा माणूस शोधून सापडत नाही.

या कार्यपद्धतीचा खरा भार काकूंवर, म्हणजे साहेबांच्या पत्नीवर, पडायचा. "पार्टी यायची, नाव यायचं, अन् साबण माह्या घरचा," असं त्या आल्यागेल्याला ऐकवत. साहेब तेवढ्यात वर्तमानपत्र उघडत. काकूंशी वाद घालून कुणाचं भलं झाल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

मी त्यांच्याकडे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या उमेदवारीला, लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आमचं घर रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यातलंच, त्यांच्या ऑफिसापासून दोन गल्ल्या सोडून. दोन्ही घरं नागपूरकर भोसल्यांच्या काळात इकडे आलेली. "आपले पूर्वज इथं लेखणी घासाले आले, अन् आपण अजून तेच करून राहिलो," हे ते अभिमानाने सांगत की तक्रार म्हणून, ते मला कधी कळलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला 'ए पोट्टी', म्हणजे 'ए पोरी', म्हणून हाक मारली. मी सीए झाले, तरी पोट्टीच. पुढे त्यांनी मला भागीदार करून घेतलं, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "साहेब, आता पार्ट्यांसमोर तरी नको." त्यांनी गंभीरपणे विचार केला. दुसऱ्या दिवशी तीन माणसांसमोर माझी ओळख करून दिली, "ये हमारी पार्टनर पोट्टी है।"

आमची फर्म म्हणजे आम्ही दोघं, चार माणसं, एका चहावाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या आणि तिथवर नेणारा एक जिना. जिना इतका अरुंद की जाडजूड शेठजी वर येत असतील तर खाली जाणाऱ्याने पुन्हा वर जाऊन बसायचं. मला हे सगळं बदलायचं होतं. तीन कारखान्यांचा एक समूह आम्हाला सगळं काम द्यायला तयार होता. अट एवढीच की ऑफिस धड हवं, माणसं दुप्पट हवीत आणि कॉम्प्युटर मागच्या पिढीतले नकोत. त्याच सुमारास मला गुडगावच्या एका मोठ्या कंपनीतून नोकरीचं पत्र आलं होतं. उत्तर द्यायला महिनाभराची मुदत होती. मी ते पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "बँकेतून कर्ज काढून फर्म वाढवू या. नाही तर मी जाते."

साहेब शेंगदाण्याची टरफलं काढत होते. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हव." माणूस थांबावा म्हणून कुणाला गळ घालणं त्यांना जमतच नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या मुलालाही त्यांनी बंगळुरूला जाताना 'डबा घेतला का' याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

मी जिद्दीने कामाला लागले. तीस पानांची योजना केली, रंगीत आलेख काढले, पाच वर्षांची वाढ दाखवली. साहेबांनी बोटाला थुंकी लावत ती अर्ध्या तासात वाचली.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेवानी. यात मी कोठी आहो?"

"तुम्ही आहात ना. पहिल्याच पानावर. वरिष्ठ भागीदार."

"वय नाही लिहिलं."

"ते बँकेच्या फॉर्मात येईलच की."

"फॉर्मात येईन, मंग योजनेत काहून नाही?" त्यांनी कागद बाजूला ठेवले. "पोट्टी, जागेवर जाऊन पाहिल्याबिगर म्या आजवर कोणाच्या प्रोजेक्टवर सही केली नाही. उद्या पाहाले येतो."

मला वाटलं, थट्टा करताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेब, धुतलेला पांढरा शर्ट घालून, स्वतःच्याच ऑफिसच्या जिन्यावरून वर आले आणि आत न येता बाहेर पार्ट्यांच्या बाकावर बसले. आमच्या कारकुनाला म्हणाले, "मालिक हैं क्या?" तो बिचारा पंधरा वर्षांचा जुना. त्याने घाबरून मला बोलावलं. मी बाहेर आले तर साहेब उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि शुद्ध हिंदीत म्हणाले, "मैडम, बैंक के काम से आया हूँ। ज़रा प्लांट देखना है।"

आता नाटकच करायचं तर मीही मागे का राहू? मी त्यांना सगळा प्लांट दाखवला. दोन खोल्या दाखवायला अडीच मिनिटं लागली. त्यांनी फायलींच्या कपाटावरून बाही फिरवली आणि धूळ पाहिली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. कारकुनाला पगार वेळेवर होतो का, ते हळूच विचारलं. चहा प्यायले आणि तो पातळ असल्याची नोंद केली. मग माझ्या टेबलासमोर बसून वही उघडली.

"मैडम, आपकी मुख्य मशीन कितनी पुरानी है?"

मला हसू आवरेना. "इकहत्तर साल।"

"चलती है?"

"खूप बोलते," मी मराठीत म्हटलं. साहेबांनी चेहरा न बदलता तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी एका पानाचा अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. बँकेसाठी हिंदीत आणि माझ्यासाठी मराठीत. तो कागद अजून माझ्याकडे आहे. 'मुख्य यंत्र : एक. वय एकाहत्तर वर्षे. चालू स्थितीत. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. जिन्यावर आवाज करते. दुपारी दोन ते तीन बंद असते. दुसरे यंत्र : एक. क्षमता मुख्य यंत्राहून अधिक. परंतु मुख्य यंत्र चालू असल्याने निम्म्या क्षमतेवर चालवले जाते. धोका क्रमांक एक : पार्ट्यांना मुख्य यंत्राची सवय आहे. ते बंद पडल्यास किती पार्ट्या टिकतील, याचा अंदाज आज करता येत नाही.'

मी हसून हसून बेजार झाले आणि कागद खणात टाकला. हिंदीतली प्रत कुठे गेली हे विचारायचं मला सुचलं नाही. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या रंगीत योजनेच्या पहिल्या पानावर टाचली आणि स्वतः जाऊन बँकेत देऊन आले. मला कळलं ते बँकेच्या मॅनेजरांचा फोन आला तेव्हा. ते फोनवर हसत होते.

त्या दिवशी मी साहेबांवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. कर्ज नको होतं तर सरळ सांगायचं, माझी तीन आठवड्यांची मेहनत कशाला मातीत घातली, लोक चांगलं दाखवतात आणि आपण आपली लक्तरं वेशीवर टांगतो, असं बरंच काही. खालच्या चहावाल्यानेही ऐकलं असणार. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पार्टी रागावली म्हणून म्या कधी आकडा बदलला का?" मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. गुडगावच्या कंपनीला होकार देणारं पत्र लिहून ठेवलं, फक्त पाठवलं नाही.

चौथ्या दिवशी मॅनेजर जागा पाहायला आले. तरुण होते, उत्तरेकडून नुकतेच बदलून आलेले. माझी तीस पानं त्यांनी उलटून पाहिली आणि चांगली आहेत म्हणाले. मग त्या एका पानावर बोट ठेवून म्हणाले, "मैडम, रोज़ फ़ाइलें देखता हूँ। हर कोई लिखता है कि कोई रिस्क नहीं है। ये पहली है जिस पर मुझे भरोसा हुआ। पर सवाल तो सर ने सही लिखा है। सर नहीं रहेंगे, तो पार्टियाँ रहेंगी क्या?"

सात वर्षांचं कर्ज, एक भागीदार एकाहत्तर वर्षांचा, आणि दोघांतला एक गेला तर भागीदारीच उरत नाही, हे मी इतर पार्ट्यांना शंभरदा समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या योजनेत तेवढंच लिहायचं राहिलं होतं.

साहेबांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "साहू! ऊपर आ।" साहू वर आला. माझ्या आधी साहेबांकडेच शिकलेला, उरल्यात एकट्याने काम करणारा सरळ माणूस. "सर बलाइन, त आ गेंव," तो माझ्याकडे बघून ओशाळत म्हणाला. साहेबांनी बोलावलं म्हणून आला होता, आठवडाभर आधीच सगळं ठरवून. भागीदारीच्या नव्या डीडमध्ये भागीदार दोन : मी आणि साहू. वरिष्ठ भागीदार निवृत्त. मसुदा साहेबांनी स्वतः करून आणला होता.

मॅनेजर गेल्यावर मी विचारलं, "मला एका शब्दानं विचारावंसं नाही वाटलं?"

"जुनी मशीन काढाची असली त नव्या मशीनले कोणी इचारते का?" ते म्हणाले. "ज्याले काढाचं त्याले इचारलं म्या. तो हव म्हणाला."

यावर हसावं की रडावं, मला समजलं नाही. मी गुडगावचं पत्र फाडून टाकलं आणि डीडवर सही केली.

कर्ज मंजूर झालं. मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. साहेबांनी मंजुरीपत्रातल्या अटी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाले, "आता एक अट माझी. मले नव्या ऑफिसात बोलवाचं नाही. आलो त बसीन, बसलो त बोलीन, अन् बोललो त पार्ट्या मलेच इचारतीन. मंग तुले कोण इचारन?" मी खूप विनवलं. उद्घाटनाला तरी या म्हटलं. ते आले नाहीत. नव्या रस्त्याकडच्या लिफ्टवाल्या इमारतीत पूजा झाली, समूहाचे लोक आले, साहूने नारळ फोडला, आणि मला सगळा वेळ राग येत राहिला. म्हातारा हट्टी आहे, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

रविवारी मात्र त्यांच्या घरी जायची मुभा होती. काकू आलूगुंडे, म्हणजे इकडचे बटाटेवडे, तळायच्या, साहेब चटणीवर टीका करायचे आणि कामाचा विषय निघाला की उठून झाडांना पाणी घालायला जायचे. दोन वर्षं असं चाललं. फर्म वाढली. आणि मुख्य म्हणजे जुन्या पार्ट्या टिकल्या. जवळजवळ एकूण एक. मॅनेजर दर वर्षी तपासणीला यायचे आणि म्हणायचे, "मैडम, सर का डर ग़लत निकला।" मी ऐटीत सांगायचे, आम्ही प्रत्येक पार्टीला पत्र पाठवलं, नकाशा पाठवला, फोन केले, पद्धतशीर काम केलं. एका रविवारी मी साहेबांनाही सुनावलं, "तुमचा धोका क्रमांक एक साफ चुकला बरं का."

"चुकते कधी कधी," ते म्हणाले आणि चटणीत मीठ कमी असल्याचं काकूंना सांगितलं.

वैशाखात ते गेले. तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. डॉक्टरांना म्हणाले म्हणे, "सुटे भाग शोधाले जाऊ नका." तेरावं होईपर्यंत आम्ही सगळे यंत्रासारखे राबत होतो. रडायलाही नीट सवड मिळाली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी उरल्याचे एक म्हातारे शेठजी आमच्या ऑफिसात घामाने डबडबून आले, तेच मुळी भांडत. "आधा घंटा धूप में खड़ा रहा मैं, पुराने ऑफिस के नीचे! आज वकीलसाहब बैठे क्यों नहीं थे?"

मला काही कळेना. "कहाँ बैठे नहीं थे?"

"अरे, चायवाले के पास। जहाँ रोज़ बैठते हैं।"

त्यांना बातमी कळली नव्हती. मी सांगितली. त्यांचं काम साहूवर सोपवून मी गाडी काढली आणि बूढ़ापाऱ्यात, जुन्या ऑफिसापाशी गेले. घर दोन गल्ल्यांवर असूनही दोन वर्षांत त्या गल्लीत मी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. वरच्या खोल्यांत आता शिवणाचा क्लास चालत होता. चहावाल्याने मला ओळखलं आणि न मागता चहा ठेवला.

साहेब रोज सकाळी अकराला यायचे, तो सांगू लागला. एक वाजेपर्यंत दुकानासमोरच्या बाकावर बसायचे. जुन्या पार्ट्या पत्रं वाचत नाहीत, नकाशे तर नाहीच नाही. त्या पायांच्या सवयीने जिन्याखाली येऊन उभ्या राहायच्या. साहेब उठायचे, नव्या ऑफिसचा पत्ता सांगायचे, कुणाला रिक्षात बसवून द्यायचे. काही पार्ट्या हट्टाने तिथेच फाईल उघडून समोर धरायच्या. आपने देख लिया तो बस, म्हणायच्या.

"मग? बघायचे?"

"ना। कहते थे, आँख चली गई भैया, मोतियाबिंद है, कुछ नहीं दिखता। मैडम को दिखाओ, वो मुझसे अच्छा देखती है।"

"मोतीबिंदू?" मी म्हटलं. "त्यांना कुठे मोतीबिंदू होता? रविवारी माझ्यासमोर बारीक टायपातली औषधाची चिठ्ठी चष्म्याशिवाय वाचायचे ते."

"हव, यहाँ भी तो पूरा पेपर पढ़ते थे," चहावाला म्हणाला. "पार्टी आती दिखी, कि मोड़ के नीचे रख लेते और उसी पर बैठ जाते।"

ज्या माणसाने कुणाच्याही भल्यासाठी एक आकडा कधी फुगवला नाही, तो दोन वर्षं रोज वर्तमानपत्रावर बसून खोटं बोलत होता. माझ्यासाठी. आणि मी त्यालाच तोंडावर सांगितलं होतं की तुझा अंदाज चुकला. मी त्या बाकावर बसून भर गल्लीत रडले. रडता रडता त्यांचा रागही येत होता, कारण आता भांडायलाही ते समोर नव्हते. चहावाल्याने तोंड फिरवून उगाच भांडी घासायला घेतली.

थोड्या वेळाने जिन्याखाली एक माणूस येऊन उभा राहिला. सिलतऱ्याकडचा वाटत होता, बनियनपर्यंत काळा. हातात पिशवी, पिशवीत फाईल. वर पाहिलं, बाकाकडे पाहिलं. वर्षातून एकदा येणारी पार्टी असावी; मी त्याला ओळखलं नाही, त्यानेही मला नाही.

"वकीलसाहब नहीं आए आज?"

मी डोळे पुसले आणि ते गेल्याचं सांगितलं. तो पिशवी छातीशी धरून म्हणाला, "तो अब किसको दिखाएँ?"

मी हात पुढे केला. तो घुटमळला. चहावाल्याने मान हलवून 'दे दो, दे दो' अशी खूण केली. त्याने फाईल काढली, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसली आणि माझ्या हातात दिली.